पाचामुखी परमेश्वर, दशचक्री भूत

आपल्याकडे म्हणतात, पाचामुखी परमेश्वर. पाच जणांच्या तोंडून एकच गोष्ट आली की ती देवाचीच वाणी समजायची आणि गप्प बसायचं. बंगालीत याच्या बरोबर उलट म्हण आहे: ‘दशचक्रे भगवान भूत’. दहा जणांनी संगनमत केलं की भगवान नावाचा जिताजागता माणूससुद्धा भूत ठरतो. मग त्यानं कितीही ओरडून सांगितलं की मी जिवंत आहे, तरी लोक म्हणणार, बघा, भूत ओरडतंय.

शंभू मित्रांच्या ‘बहुरूपी’ नाट्यसंस्थेनं १९५२ मध्ये हेन्रिक इब्सेनचं १८८२ सालचं नॉर्वेजियन नाटक (इंग्रजीत ‘ॲन एनिमी ऑफ द पीपल’) बंगाली रंगभूमीवर आणलं, तेव्हा या म्हणीतूनच त्याला नाव दिलं, ‘दशचक्र’. त्यानंतर ३७ वर्षांनी सत्यजित राय यांनी त्याच नाटकावर चित्रपट केला. त्यांनी म्हणीकडे न जाता मूळ नावाचाच सरळ बंगाली अर्थ घेतला, ‘गणशत्रू’. लोकांचा शत्रू. एका नावाचा रोख त्या दहा जणांवर आहे, दुसऱ्याचा त्या एकट्या माणसावर. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण चित्रपटाचं यश आणि अपयश दोन्ही याच्याशीच बांधलेली आहेत. राय यांनी दहांना फार नेमकं पकडलं. एकट्याला मात्र पकडलं नाही.

मूळ नाटक थोडक्यात असं. नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका गावात औषधी स्नानगृहं उभी राहिली आहेत. आजारी लोक लांबून येतात, गावात पैसा खेळू लागला आहे. स्नानगृहाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. स्टॉकमन पाणी तपासून घेतात आणि त्यात विष निघतं. त्यांना वाटतं, गाव आपले आभार मानेल. पण त्यांचा सख्खा भाऊ गावाचा महापौर आहे, दुरुस्तीचा खर्च प्रचंड आहे, आणि स्नानगृहं दोन वर्षं बंद ठेवावी लागणार म्हटल्यावर कालपर्यंत पाठीवर थाप मारणारा संपादक, छापखान्याचा मालक, घरमालक, करदाते असे सगळे एकेक करून पलटतात. भरसभेत ठराव होतो: हा माणूस लोकांचा शत्रू आहे.

राय यांनी ही गोष्ट पश्चिम बंगालमधल्या चंडीपूर नावाच्या गावात आणली. स्नानगृहांच्या जागी त्रिपुरेश्वराचं नवं मंदिर आलं आणि औषधी पाण्याच्या जागी चरणामृत. आपण त्याला तीर्थ म्हणतो. डॉ. अशोक गुप्ता (सौमित्र चटर्जी) यांच्याकडे काविळीचे रुग्ण वाढत जातात. ते पाणी कलकत्त्याला तपासायला पाठवतात आणि दोष सापडतो थेट मंदिराच्या तीर्थात. धाकटा भाऊ निशीथ (धृतिमान चटर्जी) नगरपालिकेचा प्रमुख आहे.

कागदावर हा बदल साधा दिसतो: तिकडे स्पा, इकडे देऊळ. पण त्यानं नाटकाचं सगळं गणितच बदलून जातं. इब्सेनच्या गावकऱ्यांना पाणी घाण आहे हे मनातून पटलेलं असतं, फक्त ते मान्य करणं परवडत नसतं. त्यांचा खोटेपणा हा हिशेबी खोटेपणा आहे. चंडीपूरला हिशेब आहेच. मंदिरामुळे दुकानं चालतात, यात्रेकरू येतात, नगरपालिकेचं उत्पन्न वाढतं. पण त्या हिशेबावर एक पांघरूण आहे आणि ते ओढून काढायची कुणाची हिंमत नाही. मंदिर उभारणारा भार्गव डॉक्टरांना समजावतो की चरणामृत दूषित होऊच शकत नाही, त्यात गंगाजल असतं, तुळशीपत्र असतं. आता याच्याशी वाद घालायचा कसा? स्टॉकमनच्या विरोधकांना प्रयोगशाळेचा अहवाल दडपावा लागला होता. भार्गवला तो दडपायचीही गरज नाही. त्याच्या दृष्टीनं अहवाल आणि तीर्थ या दोन वेगळ्या जगांतल्या गोष्टी आहेत.

ज्यानं देवळात उभं राहून तीर्थ घेतलंय त्याला हे आतून कळतं. उजव्या तळहाताची खोलगट ओंजळ पुढे करायची, पळीभर पाणी पडलं की आवाज न करता प्यायचं आणि उरलेला ओलावा डोळ्यांना, डोक्याला लावायचा. त्या क्षणी त्यात कॉलिफॉर्म जंतू किती असं कुणी विचारत नाही, विचारणं असभ्यपणाचं वाटतं. मी स्वतः विचारलेलं नाही. स्नानगृहाचं पाणी ग्राहक विकत घेतो, तीर्थ माणसाला दिलं जातं. विकत घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार करता येते. दिलेल्या प्रसादाबद्दल कुठल्या खिडकीवर करणार?

म्हणूनच चित्रपटातला सर्वोत्तम प्रसंग इब्सेनच्या नाटकात नाही, असूही शकला नसता. जाहीर सभेत डॉक्टर बोलायला उभे राहतात. अजून पाण्यापर्यंत पोचलेलेही नसतात, तोच निशीथ मध्येच उठून शांतपणे विचारतो, तू स्वतःला हिंदू म्हणवतोस का? डॉक्टर म्हणतात, म्हणवतो, पण काही आचार मी पाळत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, मंदिरात कधी गेला आहेस का? बस्स. पाण्याचा विषय तिथेच संपतो. पाईप, गळती, जंतू, रुग्णांची संख्या, सगळं बाजूला पडून सभेपुढे आता एकच मुद्दा उरतो: हा आपला आहे की नाही. इब्सेननं सभेचं अध्यक्षपद, कामकाजाचे नियम आणि ठराव वापरून माणसाचं तोंड कसं बंद करता येतं ते दाखवलं होतं. राय यांनी ते काम दोन प्रश्नांत केलं. आणि निशीथ खलनायकासारखा ओरडत नाही, काळजी असल्यासारखा विचारतो.

चित्रपट १९८९ च्या मे महिन्यात कान महोत्सवात दाखवला गेला. ते वर्ष आठवा. दूरदर्शनवरचं रामायण नुकतंच संपलेलं, आणि त्याच नोव्हेंबरात अयोध्येत शिलान्यास झाला. तो प्रश्न त्या काळात देशभर विचारला जायला लागला होता आणि पुढे विचारणाऱ्यांना सभेचीही गरज उरली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजच्या कुंभात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं राष्ट्रीय हरित लवादापुढे अहवाल ठेवला की स्नानाच्या ठिकाणी मलजन्य जंतूंचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलेलं आढळलं. काही दिवसांत उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं की पाणी स्नानालाच काय, आचमनालाही योग्य आहे. छत्तीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या पटकथेतला संवाद कुणी वाचून दाखवतोय असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात चिंचवडच्या सभेत राज ठाकऱ्यांनी सांगितलं की पक्षाच्या एका सहकाऱ्यानं आणलेलं ते पाणी आपण प्यायलो नाही, तर त्यावरही दोन दिवस चर्चा झाली ती पाण्याची नाही, श्रद्धेची. आता नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ येतो आहे. कुशावर्ताच्या पाण्याचे अहवाल निघतीलच.

एवढं नेमकं रूपांतर करणाऱ्या चित्रपटाबद्दल समीक्षकांची मुख्य तक्रार अशी होती की तो ‘नाटकी’ आहे. माणसं खोलीत बसतात आणि बोलतात. ‘पथेर पांचाली’च्या दिग्दर्शकानं काशाच्या फुलांतून धावणारी पोरं सोडून टेलिफोनशेजारी बसलेली माणसं दाखवावीत, हे अनेकांच्या पचनी पडलं नाही. त्याला एक साधं कारण होतं. १९८३ मध्ये ‘घरे बाइरे’ चालू असताना राय यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर काही वर्षं त्यांनी कथापट केला नाही. परवानगी मिळाली तीही डॉक्टरांच्या अटींवर: बाहेरचं चित्रीकरण नाही, काम स्टुडिओतच. रुग्णाला डॉक्टरांनी घरात बसवलं आणि रुग्णानं डॉक्टरवर चित्रपट काढला, हा योगायोग मजेदार आहे.

पण ही तक्रार मला मुळात चुकीची वाटते. नाटकाचा चित्रपट करायचा म्हणजे त्याला घराबाहेर काढून हवा दाखवायची, चार डोंगर, एक नदी, गर्दीचे दोन प्रसंग घालायचे, ही समजूत आळशी आहे. हे नाटक बंद खोल्यांचंच आहे. निर्णय सभेत होत नाहीत. आधीच दिवाणखान्यात, संपादकाच्या टेबलाशी, चहाच्या कपावर झालेले असतात, सभेत त्यांच्यावर फक्त शिक्का बसतो. ‘जनवार्ता’चा संपादक हरिदास (दीपंकर दे) पहिल्यांदा लेख छापायला किती उत्सुक असतो आणि नंतर नजर कशी चुकवतो, हे बघायला जवळचा कॅमेरा लागतो. डोंगर लागत नाही. प्रकाशकाच्या भूमिकेत मनोज मित्र आहेत, त्यांच्या चेहऱ्यावरची ती मऊ, नम्र, सदैव मधला मार्ग काढणारी भीती तर पाहण्यासारखी आहे. आपल्याकडच्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत हा गृहस्थ पहिल्या रांगेत बसलेला असतो.

माझी तक्रार वेगळी आहे. राय यांनी पाणी बदललं ते अचूक बदललं, पण त्याबरोबर माणूसही बदलला.

इब्सेनचा स्टॉकमन सज्जन आहे, पण तो काही संत नाही. त्याला चांगलं खायला आवडतं, मित्र जमवून गप्पा ठोकायला आवडतं, आणि आपण बरोबर ठरलो याचा त्याला पोरकट म्हणावा इतका आनंद होतो. पाण्यात विष आहे हे कळल्यावर तो आधी खूश होतो! भावाला आपण दाखवून दिलं, हा त्यात मोठा भाग आहे, कारण स्नानगृहांची कल्पना मूळ कुणाची यावरून दोघांत जुनी चुरस आहे. वर्तमानपत्राच्या कचेरीत तो संपादकाला बजावतो की माझी मशाल-मिरवणूक, मेजवानी, वर्गणी काढून भेटवस्तू वगैरे कुणाच्या डोक्यात असेल तर ते हाणून पाडा. म्हणजे मनात सगळं आधीच रंगवून झालेलं आहे. आपल्याकडचे पाहुणे ‘शाल-श्रीफळ नको हं’ म्हणतात ना, तसंच. थोड्या वेळानं तो महापौर भावाची टोपी डोक्यावर चढवून, काठी हातात घेऊन कचेरीत ऐटीत फेऱ्या मारतो. या नाटकाला विनोदी म्हणावं की गंभीर, हे ठरत नाही असं इब्सेननं आपल्या प्रकाशकाला कळवलं होतं. ते या माणसामुळेच.

आणि हाच माणूस चौथ्या अंकात भयंकर बोलतो. बहुमत कधीच बरोबर नसतं, म्हणतो. गावठी कुत्रा आणि जातिवंत पूडल यांची तुलना करून माणसांतही तसंच असतं असं सुचवतो. आज ते ऐकताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. आर्थर मिलरनं १९५० मध्ये अमेरिकी रंगभूमीसाठी रूपांतर केलं तेव्हा हा भाग कापून टाकला. समजण्यासारखं आहे, महायुद्ध संपून पाच वर्षं झाली होती. पण तो भाग कापला की नाटकाचा काटाच मोडतो. तो काटा असा: ज्याच्याजवळ सत्य आहे तो माणूस चांगला असेलच असं नाही. तो गर्विष्ठ असेल, असह्य असेल, लोकांना तुच्छ लेखत असेल, आणि तरीही पाण्यात विष असतंच. अशा माणसाच्या बाजूनं उभं राहता येतं का, हा इब्सेननं प्रेक्षकाला घातलेला पेच आहे.

डॉ. अशोक गुप्तांच्या बाबतीत असा पेच पडतच नाही. ते शांत, सौम्य, विनम्र, थोडे थकलेले गृहस्थ आहेत. कुणाचा अपमान करत नाहीत, भक्तांना मूर्ख म्हणत नाहीत, भावाची टोपी घालून नाचणं तर दूरच. त्यांच्या बाजूनं उभं राहायला प्रेक्षकाला काहीच मोजावं लागत नाही. सौमित्र चटर्जींचा चेहरा पाहून तर कुणीही राहील.

याचं समर्थन मला दिसतं, आणि ते हलकं नाही. नॉर्वेचा डॉक्टर करदात्यांना शिव्या देतो, मतदानाचा हक्क असलेल्या, घरदार असलेल्या लोकांना. चंडीपूरच्या डॉक्टरनं तशाच शिव्या दिल्या असत्या तर त्या लागल्या असत्या रांगेत उभ्या राहिलेल्या गरीब भाविकांना. शिकलेला शहरी भद्रलोक अडाणी जनतेची अक्कल काढतोय, हे दृश्य १९८९ मध्ये कुणाच्या पथ्यावर पडलं असतं हे सांगायला नको. राय यांनी तो धोका टाळला. पण गर्व टाळायचा होता, तर मोह तरी ठेवायला हवा होता.

मोहाची व्यवस्था इब्सेननं करून ठेवली होती. स्टॉकमनच्या बायकोला सांभाळून वाढवणारे पालक वडील, म्हातारा मॉर्टन कील, कातडी कमावण्याच्या कारखान्याचा मालक. पाण्यातलं विष त्याच्याच कारखान्यातून येतं. शेवटच्या अंकात हा म्हातारा मुलीच्या आणि नातवंडांच्या वाट्याचे सगळे पैसे घालून स्नानगृहाचे पडलेले शेअर विकत घेतो आणि जावयासमोर येऊन बसतो. आता बोल. खरं बोलत राहिलास तर तुझीच पोरं भिकेला लागतील. पाठोपाठ संपादक आणि मुद्रक डोळा मारत येतात. त्यांना वाटतं, शेअर पाडायलाच जावयानं हा बनाव केला, आणि आता आपल्यालाही वाटा मिळावा. रंगभूमीवरचा इतका दुष्ट आणि इतका विनोदी सापळा मी फार थोडा पाहिला आहे. ‘गणशत्रू’त तो म्हाताराच नाही. मंदिराचं पाणी खराब होतं ते पाईपांच्या दोषामुळे. विष कुणाच्याच घरातून येत नाही. डॉक्टरांची नोकरी जाते, मुलीची नोकरी जाते, घर सोडायची पाळी येते, खिडक्यांवर दगड येतात. हे सगळं त्यांना सोसावं लागतं, पण त्यांना कशातून निवड करावी लागत नाही.

आणि मग शेवट. इब्सेनचा स्टॉकमन फुटक्या काचांच्या खोलीत बायकामुलांना जवळ घेऊन जाहीर करतो की जगातला सर्वांत बलवान माणूस तो, जो सर्वांत एकटा उभा असतो. यातही एक खट्याळपणा आहे, कारण हे म्हणताना तो एकटा नसतो. शिवाय ज्यांना गावठी कुत्री म्हटलं त्याच रस्त्यावरच्या पोरांना गोळा करून शाळा काढायची, असंही त्याच्या डोक्यात आलेलं असतं. राय यांनी हे वाक्य साफ उलटवलं. डॉक्टर खचून बसलेले असताना बातम्या येऊ लागतात: तरुण पत्रकारानं ‘जनवार्ता’ची नोकरी सोडली, तो बाहेरच्या वर्तमानपत्रांतून हे प्रकरण छापणार. मुलीच्या भावी नवऱ्याच्या नाट्यसंस्थेतली पोरं पत्रकं वाटणार. बाहेरून घोषणा ऐकू येतात, डॉक्टर अशोक गुप्ता झिंदाबाद. डॉक्टरांच्या लक्षात येतं की ते एकटे नाहीत.

फिल्म सोसायटीच्या घडीच्या खुर्चीवर बसून हा शेवट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो गोड गोळी वाटला होता. आता तितकं सोपं वाटत नाही, आणि त्याला कारण आपल्या इथलं आहे.

इब्सेनचं नाटक १८८२ च्या नोव्हेंबरात छापून आलं. त्याच वर्षी गोपाळ गणेश आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते, तिथे ‘हॅम्लेट’चं मराठी करत होते, पुढे ते ‘विकारविलसित’ या नावानं आलं. या आगरकरांनी पुढे विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणी पाहिली. दशचक्रे भगवान भूत, अक्षरशः. ते स्टॉकमनच्या जातीचे, एकटे. आणि ‘गणशत्रू’ कानला पोचला त्याच १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. तेही डॉक्टरच. पण त्यांनी एकटं उभं राहण्यात धन्यता मानली नाही. गावोगाव शाखा काढल्या, कार्यकर्ते घडवले, वारकऱ्यांशी बोलत राहिले, जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यातले शब्द वर्षानुवर्षं बदलत राहिले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि काही दिवसांतच तो रखडलेला कायदा वटहुकूम म्हणून आला. समिती आजही चालू आहे.

तेव्हा डॉक्टरला माणसं मिळतात, हे राय यांचं म्हणणं खोटं नाही. इब्सेनच्या एकांड्या बलवानापेक्षा ते आपल्याकडच्या अनुभवाला जास्त धरून आहे. माझा आक्षेप एवढाच की दाभोलकरांनी जे चोवीस वर्षं घाम गाळून जमवलं, ते डॉ. गुप्तांना शेवटच्या पाच मिनिटांत दारात आणून दिलं जातं. त्यासाठी त्यांनी कुणाचं मन वळवलेलं नाही, कुणाशी जुळवून घेतलेलं नाही, स्वतःची एकही खोड मोडलेली नाही. खोड होतीच कुठे? गर्व काढला, मोह काढला, म्हणून मित्रांची किंमतही गेली.

हे नाटक अजून मराठी पडद्यावर करण्यासारखं आहे. माझ्या डोळ्यांपुढे एक क्षेत्राचं गाव आहे. सासरेबुवांचं भक्तनिवास कुंडाच्या वरच्या अंगाला, सेप्टिक टँक गळतोय तो त्यांचाच. अहवाल फुटतो त्या आठवड्यात देवस्थानच्या संकुलातले पेढ्यांचे तीन गाळे ते मुलीच्या नावानं घेऊन टाकतात, भाव पडलेलाच असतो. डॉक्टर तिरसट आहेत, तीर्थ घेणाऱ्यांना सभेत ‘मेंढरं’ म्हणून बसलेत आणि ती क्लिप गावभर फिरली आहे. रात्री घराबाहेर घोषणा सुरू होतात. नाव डॉक्टरांचंच आहे, पण झिंदाबाद आहे की मुर्दाबाद, हे बंद खिडकीतून नीट कळत नाही. ज्यांना मेंढरं म्हटलं त्यांच्यातलंच कुणी असणार. डॉक्टर उठतात आणि दाराची कडी काढायला जातात.

‘गणशत्रू’च्या अखेरीस कॅमेरा टेबलावर स्थिरावतो. तिथे स्टेथोस्कोप आहे आणि शेजारी चरणामृताची छोटी बाटली. बूच लावलेलं.